शेजारच्या सीटवरची बार्ड

पैज लागली ती लिफ्ट बंद पडली म्हणून. लिफ्ट चालू असती तर डॉक्टर सुळकन तिसऱ्या मजल्यावर गेले असते, मी दुसऱ्यावर उतरले असते आणि विषय तिथंच मिटला असता. पण लिफ्ट बंद होती, डॉक्टरांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, आणि जिन्यात धापा टाकणाऱ्या माणसाला डिवचायला मला फार आवडतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे. आमच्या मागून टाचणी येत होती. तिचं शिलाईचं दुकान खाली आणि घर वर. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून अख्खी बिल्डिंग तिला टाचणी म्हणते. ती ओ देते.

मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की येत्या खेळापासून मी बार्ड होणार.

आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी एक खेळ चालतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी शिकारी, कुणी जादूगार, आणि माझी भाची नेईल त्या गुहेत नाहीतर किल्ल्यात घुसायचं. खेळ ती चालवते. राक्षस तीच, पहारेकरी तीच, पाऊसही तीच पाडते. आपलं पात्र काय करणार ते आपण तोंडानं सांगायचं; जमलं की फसलं ते फासे ठरवतात. माझा आधीचा भुरटा चोर नुकताच विहिरीत पडून मेला होता. आत थुंकायला वाकला होता बिचारा. त्यामुळे मला नवं पात्र हवंच होतं, आणि बार्ड म्हणजे त्या खेळातला गवई. गाऊन थोडीफार जादू करतो.

डॉक्टर जादूगार. ते पायरीवर थांबले, वळले, आणि पेशंटला दाढ काढावी लागेल हे सांगतात त्या सुरात म्हणाले, "ताई, बार्ड म्हणजे लढाईत घुसलेला बँडवाला. जादू मी करणार, तुम्ही मागे उभं राहून पेटी वाजवणार."

"डॉक्टर, मी अशी बार्ड बनवीन," मी म्हटलं, "की तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणाल, ताई, मदत करा."

ते इतके हसले की पिशवीतून एक कांदा उडाला आणि टणाटण जिना उतरायला लागला. माझ्या जादूगारानं आजपर्यंत कुणाची मदत मागितलेली नाही, म्हणाले. टाचणीनं कांदा चपलेखाली अडवला. "तेच तर दुखणं आहे," ती कांद्याला म्हणाली.

झालं. तिथंच पैज लागली. मला तयारीला एक शनिवार, त्याच्या पुढच्या शनिवारी खरा खेळ. त्या खेळात जादूगारानं बार्डकडे मदत मागितली तर डॉक्टर हरले, नाही मागितली तर मी. मी गाडी चालवायला शिकवते; माझ्या गाडीच्या मागे शिकाऊ माणसाची ती लाल 'एल' ची पाटी असते. हरणाऱ्यानं ती पाटी पाठीवर अडकवायची आणि रविवारी सकाळी, भर गर्दीत, बिल्डिंगच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जिंकणाऱ्यावर गाणं म्हणत चालायचं. गाणं स्वतः रचायचं. डॉक्टर कधी गुणगुणतसुद्धा नाहीत. आणि माझ्या पाठीवर 'एल' म्हणजे हलवायानं मिठाई उधार आणण्यासारखं. तेव्हा दोघांचंही नाक सारखंच कापलं जाणार होतं.

पण पैजेचा खटाटोप मी उगाच केला नव्हता. खेळ मरायला टेकला होता. डॉक्टर माणूस चांगला, पण खेळात त्यांचा जादूगार सगळं एकटाच उरकायचा. दार आलं, आग. राक्षस आला, वीज. पूल नाही, मग उडा. आम्ही बाकीचे बाजूला उभे, वऱ्हाडात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे. बसवाले भाऊ, म्हणजे आमचा शिकारी, येईनासे झाले होते. शनिवारी डबल ड्यूटी लागते म्हणे. टाचणी यायची, पण येताना लोकांच्या पँटी आणायची आणि टेबलाखाली दुमड घालत बसायची. तिची योद्धी तलवार घेऊन नुसती उभी आणि ही इकडे सुई चालवते.

भाचीला ते दिसत होतं. ही मुलगी एरवी चार वाक्यं सलग बोलत नाही. घरात पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसते. पण त्या टेबलावर बसली की ती समुद्र उभा करते, आवाज बदलते, तुमच्या डोळ्यांत बघून तुम्हाला शाप देते. मला ती त्या टेबलावर बघायला आवडते, बस. आणि गेल्या आठवड्यात कप विसळता विसळता तिनं मला सांगितलं होतं, की मावशी, आता बंद करते मी. कुणाला मजा येत नाहीये.

म्हणून पैज. पैज लागली की बातमी फिरते, आणि बातमी फिरली की बसवाले भाऊंची डबल ड्यूटी रद्द होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता बार्ड बनवायची. बार्ड खेळाच्या पुस्तकात असतातच, पण त्यांच्यातही शाखा असतात. भाची त्याला सबक्लास म्हणते, मी घराणं म्हणते. गवई म्हटल्यावर घराणं नको? कुणी गाऊन जखमा बऱ्या करतं, कुणी तलवारीनं नाचतं. आणि नवं घराणं आपलं आपण बनवायची मुभा आहे, खेळ चालवणाऱ्यानं पास केलं तर. मी ठरवलं, माझी बार्ड स्वतः जादू करणारच नाही. दुसऱ्याच्या जादूत लुडबूड करेल. ते मला अंगभूत येतं.

आणि नमुना तर माझ्या पायाखालीच होता. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जादा पेडल असतात. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, पण एक ब्रेक आणि एक क्लच माझ्याकडे. वर्षानुवर्षं मी त्यावर पोट भरलंय आणि मजाही केलीय. शिकायला आलेला माणूस फुशारकी मारायला लागला की मी हळूच ब्रेकवर पायाचं बोट टेकवते. गाडी हिसका खाते. मी गंभीरपणे सांगते, आमच्या गाडीला खोटं चालत नाही हो. एक वकील तर त्यानंतर मी दिसले की रस्ता बदलतो.

तर पहिलं घराणं असं: कुणीही मंत्र टाकला की माझी बार्ड एक सूर लावणार, आणि मंत्र जागच्या जागी थांबणार. शेजारच्या सीटपुढचा ब्रेकच तो. दिवसाला सूर ठरावीक, पण भरपूर. भाचीनं वाचलं, पेन्सिल दातात धरली आणि म्हणाली, थोडं जास्त होतंय, पण खेळून बघू.

तयारीच्या शनिवारी बघितलं. गुहेत कोळी आले. डॉक्टरांनी आग टाकली. मी सूर लावला, आग फुस्स. डॉक्टरांनी भुवई उचलली. वीज टाकली. मी सूर लावला, वीज फुस्स. मला गुदगुल्या होत होत्या. तिसऱ्या वेळेला डॉक्टरांनी हाताची घडी घातली आणि शांतपणे सांगितलं, "माझा जादूगार आता काठीनं मारतो."

आणि मग पूर्ण दुपार त्यांचा जादूगार काठीनंच मारत राहिला. मंत्र नाही म्हणजे मला थांबवायला काही नाही. माझी बार्ड आ वासून उभी. कोळी एकेक करून, धोपटून धोपटून मरत होते, जसं कुणी गालिचा झटकतंय. टाचणीनं आणलेल्या पँटी संपल्या, तर तिनं स्वतःच्या ओढणीची उसवलेली कड काढली. भाची कोळ्यांचे आवाज काढायची थांबली आणि नुसते आकडे सांगायला लागली.

डॉक्टर जाताना खुशीत होते. "रियाज चालू ठेवा, ताई," म्हणाले. "पाटी धुऊन ठेवा."

भाची फासे पिशवीत भरत होती. मी काही विनोद करायच्या आधीच ती बोलली. "मावशी, पुढचा शनिवार शेवटचा. पैज आहे म्हणून घेते. मग हॉलची किल्ली परत देणार आहे."

मी म्हटलं बरं. माझ्याकडे जादू नव्हती, पण हातात एक आठवडा होता. सात दिवसांत मी घाट चढवायला शिकवलाय लोकांना. घराण्याचं काय घेऊन बसलात.

त्या आठवड्यात माझ्याकडे एक नर्स शिकायला येत होती. हुशार बाई, हात स्थिर, पण चढावर घाबरायची, आणि ती घाबरली की मी सवयीनं ब्रेक दाबायचे. मंगळवारी जुन्या पुलाचा चढ आला. तिनं ॲक्सिलरेटर दिला, गाडी थरथरली, मी ब्रेक दाबला. परत दिला, परत दाबला. मग तिनं दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तुम्हीच चालवा ना मग, मॅडम."

मी हसायलाच लागले. मागून हॉर्न वाजत होते आणि मी हसतेय. ती चिडली. मी तिला म्हटलं, बाई, तुमच्यावर नाही हसत, पाय खाली घ्या. परत चढवा. यावेळी मी ब्रेकला शिवले नाही. फक्त जिथं गाडी बंद पडणार असं वाटलं तिथं क्लच अर्धा दाबून धरला, तिची ताकद वाया जाऊ दिली नाही, आणि ती सावरली तसा हळूच सोडला. गाडी चढ चढली. वर पोचल्यावर ती बाई स्टिअरिंगवर थापा मारत म्हणाली, बघितलंत, मी चढवली. मी म्हटलं, बघितलं.

घरी येऊन मी जुने नियम फाडून टाकले. ब्रेक काढला, मुळासकट. भाचीशेजारी जाऊन बसले आणि तिला नवं घराणं तोंडी सांगितलं. बार्डला कुणाचाही मंत्र थांबवता येणार नाही. तिला फक्त दोन गोष्टी येतात. एक, क्लच: कुणाचा मंत्र आत्ता टाकून वाया जाणार असेल तर ती तो गुणगुणत स्वतःजवळ धरून ठेवते आणि नेमक्या क्षणी सोडते. दुसरी, वळण: मंत्राला ती दुसऱ्या वाटेनं नेते. आग राक्षसावर न जाता मित्राच्या बाणावर जाऊन बसते. मंत्राची ताकद ज्याची त्याचीच.

भाचीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पण ती पक्की आहे. म्हणाली, हे फार होईल, तू सगळ्यांची जादू पळवत सुटशील. याला काहीतरी लगाम पाहिजे. ती खोलीत येरझाऱ्या घालायला लागली, हे चांगलं लक्षण. मग थांबली. "ज्याचा मंत्र आहे त्यानं स्वतः द्यायला हवा. बार्डकडे बघून मोठ्यानं म्हणायचं, घे, मदत कर. त्याशिवाय हात लावायचा नाही."

मी म्हटलं, पास.

ती दोन मिनिटं लिहीत होती. मग मान वर केली. "मावशी, अगं, मग डॉक्टर तसं म्हणणारच नाहीत. त्यांना फक्त तोंड बंद ठेवायचंय. तू हरलीस की."

"तू खेळात एक पूल ठेव, चांगला उंच," मी म्हटलं. "बाकी माझं मी बघते."

घराण्याचं नाव तिनं काहीतरी भारदस्त सुचवलं होतं, चंद्र वगैरे होता त्यात. मी म्हटलं, शेजारची सीट. तेच राहिलं.

शनिवारी हॉल भरला होता. बसवाले भाऊ आले, नुसतं बघायला आलोय म्हणत दाराशी उभे राहिले. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी नवे नियम वाचले, परत वाचले, आणि इतके प्रेमानं हसले की मला त्यांची दया आली. टाचणी पिशवीभर पँटी घेऊन बसली.

भाचीनं दरी उभी केली. दरीवर दगडी पूल, पुलावर अंधार, अंधारात वटवाघळं. मी दाराकडे वळून म्हटलं, भाऊ, तुमचा शिकारी अजून मेलेला नाही, इथंच झाडावर बसलाय. त्याच्याकडे तो उजेडाचा फुटकळ मंत्र आहे ना? भाऊ म्हणाले, आहे, पण त्यानं काय होतं, वीतभर उजेड पडतो. मी म्हटलं, द्या तर. भाऊ कसनुसे हसले, घसा खाकरून म्हणाले, "घे बाई, मदत कर." मी तो उजेड गुणगुणत धरला, वटवाघळं सगळी एका थव्यात येईपर्यंत धरला, आणि थव्याच्या मधोमध फोडला. भाऊंनी फासा टाकला. वटवाघळं आंधळी होऊन एकमेकांवर आपटत दरीत. भाऊ ओरडलेच, आणि ओरडता ओरडता त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

डॉक्टर बोटांनी टेबल वाजवत होते. त्यांनाही दिसत होतं. ज्याच्याकडे एवढी मोठी जादू आहे त्याच्या हातून माझ्या बार्डनं काय काय केलं असतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात होतं. मधे एकदा तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत मिटलं. मी फक्त पाठ ताठ करून, तिच्यावर 'एल' ची पाटी असल्यासारखं चालून दाखवलं, बसल्या बसल्या.

मग पुलाचाच एक खांब हलला. तो खांब नव्हता, राक्षस होता. भाचीनं आवाज खाली नेला, दगड दगडावर घासावा तसा. टाचणीची योद्धी सगळ्यात पुढे होती. राक्षसानं तिला मुठीत उचललं आणि दरीवर धरलं.

टाचणीची सुई थांबली.

ती योद्धी टाचणीनं पहिल्या दिवसापासून सांभाळली होती. तिच्या आकड्यांच्या फाशांसाठी जरीच्या कापडाचा बटवा शिवला होता. "मी त्याच्या बोटावर तलवार मारते," ती म्हणाली. फासा पडला. तलवार दगडावर खणखणून परत आली, ओरखडासुद्धा नाही.

आता डॉक्टरांची पाळी. त्यांच्याकडे एकच मोठा मंत्र उरला होता, वीज. ते हिशेबाला पक्के, मोठ्यानं हिशेब करायला लागले. आत्ता वीज टाकली तर राक्षस फुटतो, पण मूठ उघडते आणि योद्धी दरीत. नाही टाकली तर पुढच्या डावात राक्षस मूठ आवळतो. उडायचा मंत्र मघाशीच संपवलेला, कारण त्यांना पूल चालत ओलांडायचा कंटाळा आला होता. काठी पोचत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि पुन्हा तिथंच यायचे.

राक्षस जिंकला नसता, हे सगळ्यांना कळत होतं. डॉक्टरांनी नुसती वीज टाकली असती तर राक्षस मेला असता, पैज जिंकली असती, आणि टाचणीनं बटव्याची नाडी ओढून पिशवी उचलली असती. मग भाचीनं किल्ली परत केली असती. मी हात मांडीवर घेऊन बसले. चढावर बोलायचं नसतं.

टाचणीनं पँट घडी करून टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांकडे बघत बसली. टोमणा नाही, टोचणी नाही. मला वाटतं त्या माणसाला ते सहन झालं नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे वळले. "ताई," म्हणाले, "घ्या. माझी वीज घ्या. तिच्या तलवारीवर द्या. मदत करा."

भाऊंनी टेबलावर हात आपटला. मी डोळे मिटून खरोखरच गुणगुणायला लागले, कारण काम ते काम. वीज धरली. राक्षस मूठ तोंडाजवळ नेईपर्यंत, त्याचा हात पुलावर येईपर्यंत धरली. भाची सांगत होती, डॉक्टर वाकून ऐकत होते, ओठ हलवत होते. मग मी टाचणीला म्हटलं, आता. तिच्या तलवारीवर वीज उतरली. डॉक्टरांनी आपले विजेचे फासे मुठीत घेतले, आणि टाकले नाहीत. ते टेबलावरून टाचणीच्या पुढ्यात सरकवले. "तुम्ही टाका," म्हणाले. "तलवार तुमची."

टाचणीनं टाकले. राक्षसाचा हात कोपरापासून निखळला, योद्धी पुलावर पडली, उठली आणि दुसरा वार तिनं कुणाला न विचारता घातला. त्यानंतर हॉलमध्ये काय आवाज झाला तो सांगत नाही. वरच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला, पाइप फुटला का म्हणून. भाचीच्या गालांवर लाली आली होती आणि ती मरणाऱ्या राक्षसाचा आवाज काढत होती, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. शेवटी बसवाले भाऊंनी विचारलं की पुलापलीकडे काय आहे. भाची म्हणाली, ते पुढच्या शनिवारी. किल्लीचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

रविवारी सकाळी गेटवर ही गर्दी. मी पाटी धुऊन ठेवली होतीच. टाचणीनं तिला नाड्या लावल्या होत्या आणि डॉक्टरांच्या पाठीवर ती अशी बसवली जशी सुटाबरोबर शिवून आली असावी. वर पडद्याच्या कापडाचा झगाही चढवला. तो पैजेत नव्हता, डॉक्टरांनीच मागितला. हरायचंय तर नीट हरू, म्हणाले.

आणि निघाले. मी शेजारून, अर्धं पाऊल मागे. माझी नेहमीची जागा. त्यांचा आवाज म्हणजे दात कोरायच्या मशीनचा सख्खा भाऊ, पण दमदार.

"मी जादूगार मोठा, माझा रुबाब खोटा,
ताईची बार्ड नसती तर झाला असता तोटा."

फळवाल्यानं तराजू खाली ठेवला. औषधांच्या दुकानातून एक पेशंट गाल धरून बाहेर आला आणि गाल सोडून टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टरांनी त्याला हात केला, उद्या अकराला या, असंही सांगितलं, गाण्याच्याच चालीत. दुसरं कडवं मी कशी थोर, माझं घराणं कसं थोर, यावर होतं. ते त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, पण म्हटलं पूर्ण.

बेकरी समोर दिसायला लागली आणि तिसऱ्या कडव्याला ते अडकले. पहिली ओळ म्हटली, परत म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. पुढची ओळ येईना. बेकरीच्या पायरीवर टाचणी, भाऊ आणि भाची बसून बघत होते. लोक हसायला लागले. गाडी भर चढावर, बंद पडायच्या बेतात.

डॉक्टरांनी मान वळवली. घामानं चष्मा नाकावर घसरला होता, झगा एका खांद्यावरून लोंबत होता. पैज केव्हाच संपली होती, आता मागितलं काय आणि नाही काय.

"घ्या, ताई," ते म्हणाले.

मी सूर लावला.